शनिवारचा क्वाबेना

सही झाली होती, शिक्काही बसला होता. फॉर्म उचलून डावीकडच्या ढिगावर टाकता टाकता डॉक्टर याव न्सियांची नजर वरच्या कोपऱ्यावर गेली आणि हात तसाच हवेत राहिला. नाव : क्वाबेना आडोमाको. जन्मतारीख : १५ मार्च १९८६. बाहेर बाकावर पेशंट खोकत होते. हार्मटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ खिडकीच्या जाळीतून आत येऊन टेबलावर, शिक्क्याच्या पेटीवर, डॉक्टरांच्या चष्म्यावर बसली होती. डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. तारीख तीच होती. सतरा वर्षांखालच्या फुटबॉल संघाचे बावीस फॉर्म, आणि हा एकविसावा. शनिवारी मैदानावर त्यांनी बावीस पोरांचे गुडघे, छात्या, दात, काखा सगळं बघून घेतलं होतं. सोमवारी सकाळी दवाखान्यात बसून सह्या करायच्या, ही चौदा वर्षांची पद्धत. सह्या करताना ते कागदाचा खालचा तेवढा भाग बघत. ‘मी या खेळाडूस स्वतः तपासले असून त्याचे वय वर नोंदवल्याप्रमाणे आहे’, या ओळीखाली याव न्सिया, धप्प, पुढचा. वरचं वाचायचं कशाला? पोरं तर आपणच तपासली आहेत. त्या बावीस पोरांत क्वाबेना नव्हता. क्वाबेना त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता आणि शनिवारी तो मैदानाच्या आसपाससुद्धा फिरकला नव्हता.

त्यांनी ढीग उलटापालटा केला. क्वाद्वो सार्पोंगचा फॉर्म कुठे आहे? सुआमेतल्या गॅरेजवाल्या सार्पोंगचं पोर, डाव्या पायाचं, गुडघ्यावर जुनी खूण असलेलं. शनिवारी तपासताना ते गुदगुल्या झाल्यासारखं हसत होतं. त्याचा फॉर्म नव्हताच. म्हणजे बावीसचे बावीसच ठेवले होते, फक्त एक काढून एक घातला होता. आणि घालताना अक्कल बघा! तारीख वाचली की वार सांगायचा ही डॉक्टरांची जुनी खोड. लग्नात, बारशात, बाळंतिणीच्या खाटेशी ते लोकांना म्हणायचे, तारीख सांगा, नाव सांगतो. दोनशे वर्षांचं कॅलेंडर त्यांच्या डोक्यातच होतं. पंधरा मार्च शहाऐंशी, शनिवार. आणि अकान जमातीच्या माणसाच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल की शनिवारी जन्मतो तो क्वामे. मंगळवारी जन्मतो तो क्वाबेना, गुरुवारचा तो याव. नाव शोधावं लागत नाही, ते वाराबरोबरच येतं. या गाढवांनी साल तेवढं पुसलं आणि नाव तसंच ठेवलं. शनिवारचा क्वाबेना! अरे, चोरी करायची तर निदान नीट तरी करा. डॉक्टरांच्या कानशिलातली शीर ठणकायला लागली. खोटेपणाचा राग जास्त आला की बावळटपणाचा, हे त्यांना त्या वेळी सांगता आलं नसतं.

आणि साल पुसायचं तर कुठलं पुसलं? त्र्याऐंशी! कुमासीत त्र्याऐंशी साल विसरेल असा माणूस आहे का कुणी? पाऊस नाही, रानोरान वणवे, कोकोचे मळे जळून कोळसा झालेले, नायजेरियातून हाकलून दिलेली माणसं ट्रकच्या टपावर बसून परत आलेली आणि घरात खायला कसाव्हाची सालं. माणसांच्या गळ्याखालची हाडं अशी वर आली होती की लोक त्याला दागिना म्हणून हसायचे. हसायचे, कारण दुसरं काय करणार? त्या मार्चातल्या एका पहाटे त्यांच्या बहिणीच्या, आफियाच्या, नवऱ्यानं दार वाजवलं. आफियाची तेव्हा चाळिशी उलटलेली, पोटात सातवं, आधीची दोन गेलेली. गाडीत पेट्रोल नव्हतं, अख्ख्या शहरात पेट्रोल नव्हतं. डॉक्टरांनी बॅग पाठीला बांधली आणि ते धावत सुटले. बांटामापासून आसोक्वापर्यंत, जळक्या वासाच्या अंधारातून, शाळेत शर्यत धावावी तसे, कोपरं अंगाशी धरून. नवरा मागे राहिला, पार दिसेनासा झाला. पोर आडवं होतं. डॉक्टरांनी ते हात घालून वळवलं, ओढलं, पायाला धरून उलटं केलं, पाठीवर चापट मारली, दोनदा मारली, तिसऱ्यांदा मारताना ते स्वतःच रडत होते. मग ते पोर ओरडलं. हाडाला चिकटलेली कातडी, म्हाताऱ्यासारखं तोंड, पण काय ओरडलं! अंगणातल्या बायका म्हणाल्या, मंगळवार आहे, क्वाबेना आला. पुढचे आठ महिने डॉक्टरांनी कुठून कुठून दुधाचे डबे पैदा केले ते त्यांचं त्यांनाच माहीत. घरी स्वतःच्या दोन मुली होत्या, त्यांच्या कपातलं कमी केलं. सेर्वा, त्यांची बायको, काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, ‘‘याव, तुझं घर म्हणजे नेमकं कुठलं, ते मला एकदा बोटानं दाखव.’’ ते वर्ष आता या लोकांनी रबरानं खोडलं. त्या भुकेला, त्या धावण्याला, त्या तीन चापटांना काही अर्थच नाही. पोर तीन वर्षांनी जन्मलं, भरल्या पोटी, शनिवारी.

‘वैद्यक, खेळ आणि कुटुंब यांना वाहिलेलं आयुष्य.’ गेल्या डिसेंबरात क्लबच्या लोकांनी त्यांच्या गळ्यात केंटेच्या रंगीत विणकामाचा पट्टा घातला आणि लाकडी फळीवर ही अक्षरं कोरून दिली. भाषण करणारा माणूस ‘कुटुंब’ म्हणताना सेर्वाकडे बघत होता आणि टाळ्या मात्र आफियाच्या बाजूनं वाजत होत्या, हे डॉक्टरांनी पाहिलं होतं. त्यांच्यात कुळ आईकडून चालतं. मुली सेर्वाच्या कुळाच्या. डॉक्टरांच्या कुळाचा पुढचा माणूस क्वाबेना. डॉक्टर गेले की दवाखान्याची किल्ली त्याच्या हातात, मयताच्या पुढे तो. एक भाचा असला की माणूस निपुत्रिक मरत नाही, असं त्यांची आई म्हणायची. म्हणून तर त्याला त्यांनी मांडीवर बसवून फुटबॉलचा पहिला बूट बांधायला शिकवलं, घोटा मुरगळला की बर्फ लावत बसले, आणि दर ख्रिसमसला, पोट भरलं की, त्याच्यासमोर ती शर्यतीची गोष्ट सांगितली. एकोणीसशे बासष्टची आंतरशालेय शर्यत, सोळा वर्षांखालच्यांची, चारशे चाळीस यार्ड. शेवटच्या वळणावर क्वासी तुम नावाचा एक काटकुळा पोरगा पुढे होता, त्याचे पाय म्हणजे नुसत्या काड्या. डॉक्टर बाहेरून आले, दोन यार्डांनी जिंकले, आणि तो क्वासी रेषेपलीकडे पडून गवत ओकला. ‘‘गवत ओकला!’’ इथे पोरं हसायची. पहिल्याला पुढच्या शाळेची फी माफ होती. एकालाच. त्या शर्यतीतल्या त्यांच्या विक्रमाला एकेचाळीस वर्षं कुणी हात लावला नव्हता.

म्हणून तर वय चोरणाऱ्यांचा त्यांना इतका संताप. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिघांना मैदानावरून कान धरून बाहेर काढलं होतं. त्यातल्या एकाला दोन पोरं होती आणि तो पंधरा वर्षांखालच्यांत खेळत होता! लोक चिडले, सामना हरल्यावर कुणीतरी त्यांच्या गाडीवर चिखल फेकला. डॉक्टर हटले नाहीत. ‘‘दाढी करून आलेल्या पोराला मी पोर म्हणणार नाही,’’ असं ते रेडिओवर बोलले. तेव्हापासून न्सियांची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं राजधानीत, अक्र्यात, लोक म्हणायला लागले होते. आणि आता त्याच सहीला घरच्याच माणसांनी बैलासारखं घाण्याला जुंपलं. मामा होते म्हणून मामा बनवलं! डॉक्टर उठले, खिडकीशी गेले, परत बसले. कंपाउंडरनं दार किलकिलं करून ‘‘पुढचा पेशंट पाठवू?’’ विचारलं. ‘‘थांब जरा, कुणी मरत नाहीय,’’ असं ते ओरडले, आणि बाकावरचा खोकला एकदम बंद झाला. बारा वाजता संघाचा मॅनेजर बादू कागद न्यायला येणार होता. साडेदहा झाले होते. फॉर्म फाडायला एक मिनिट पुरलं असतं. पण ते फाडत नव्हते, आणि आपण का फाडत नाही आहोत याचाही त्यांना राग येत होता.

अकराला आफियाच आली. डोक्यावरचा वाडगा उतरवून तिनं टेबलावर ठेवला. उकडलेलं याम आणि पालेभाजी, वर केळीचं पान झाकलेलं. केजेत्याच्या बाजारात चाळीस वर्षं कापड विकून तिच्या आवाजाला अशी धार आली होती की ‘कसा आहेस’ विचारलं तरी भाव केल्यासारखं वाटायचं. ‘‘खाऊन घे. तोंड बघ कसं झालंय, बकऱ्याच्या लिव्हरसारखं.’’

डॉक्टरांनी फॉर्म तिच्यापुढे सरकवला. ‘‘हे काय आहे?’’

‘‘कागद आहे.’’

‘‘कसला?’’

‘‘मला कुठे वाचता येतं? शाळेत तुला घातला, मला नाही. तू सांग.’’

‘‘क्वाबेना कुठल्या साली झाला, आफिया?’’

‘‘तूच होतास तिथे. मी बोंबलत होते, मला काय भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं?’’

‘‘फाजीलपणा पुरे. ढिगात हा तू घातलास?’’

‘‘मी घातला. सकाळी तू अंघोळीला गेलास तेव्हा.’’ तिनं पदरासारखं कापड खांद्यावर नीट घेतलं, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. ‘‘वर ठेवला असता तर तू वाचला असतास. सगळ्यांत खाली ठेवला असता तरी वाचला असतास. मधलं तू कधीच वाचत नाहीस. लहानपणापासून तुझं तसंच आहे, गोष्टीचा आरंभ आणि शेवट पाठ, मधलं सगळं गोल.’’

‘‘लाज वाटते का तुला? मी रेडिओवर बोललोय. माझी सही आहे ही!’’

‘‘म्हणून तर हवी होती. बादू म्हणाला, दुसऱ्या कुणाची सही असली की ते लोक मनगटाच्या हाडांचा फोटो काढून वय बघतात. न्सियांची असली की कुणी बघत पण नाही.’’

‘‘बादूला माहीत आहे?’’

‘‘बादूला काय, कोचला माहीत आहे. पोरगं चांगलं खेळतं, याव. तू बघितलंयस. युरोपची माणसं बघायला येणार आहेत. ती सोळाचं बघतात, एकोणीसचं कोण बघतंय? एकोणीसचं म्हणजे शिळं.’’

‘‘आणि सार्पोंगच्या पोराचं काय?’’

‘‘त्याला मामा नाही का?’’ आफिया म्हणाली.

डॉक्टर ताडकन उठले. खुर्ची मागे जाऊन भिंतीला आपटली. ते जे बोलले ते बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. चोर म्हणाले, बाजारबसवी म्हणाले, आईचं नाव काढून म्हणाले की आई असती तर तिनं थुंकलं असतं तुझ्या तोंडावर. मामा आहे म्हणून मी काय खोट्या शपथा वाहू? आमच्या घरात कुणी कधी असलं काम केलंय? त्यांना दम लागला. अठराव्या वर्षी चारशे चाळीस यार्ड धावल्यावरही असा दम लागला नव्हता. पंधराव्या वर्षी, त्यांनी मनातल्या मनात दुरुस्त केलं. अठरा कुठून आले डोक्यात?

आईचं नाव काढलं तेव्हा आफियाचा ओठ थोडा हलला, तेवढंच. ‘‘झालं? आता मी बोलू? आपला मामा, नाना आम्प्रोम्फी, त्यानं काय केलं तुला माहीत नाही? तू मोठ्या शाळेच्या परीक्षेला बसणार होतास तेव्हा तिथला माणूस म्हणाला, पोर मोठं आहे, बसत नाही. मामा कोर्टात गेला. बायबलवर हात ठेवला आणि म्हणाला, हा माझा भाचा, एक जून सेहेचाळीसला जन्मला. मी कोर्टाच्या पायरीवर त्याचं पाण्याचं मडकं घेऊन उभी होते. बाहेर आल्यावर त्यानं ते सगळं पाणी हातावर ओतून घेतलं, प्यायला नाही. रात्री देवाला कोंबडं कापलं. तुला कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं नव्हतं. पण बर्माच्या लढाईहून आपला काका परत आला ना, सेहेचाळीसच्या सुरुवातीला, तेव्हा तू त्याच्या पायात धावत गेलास आणि त्याची टोपी मागितलीस. सेहेचाळीसच्या जूनमधे जन्मलेलं पोर त्याच्या आधीच धावतं का रे, डॉक्टर?’’

‘‘खोटं आहे.’’

‘‘तू गुरुवारचा. म्हणून याव. सगळ्या गावाचे वार सांगत फिरतोस, तुझ्या कागदावरची तारीख कुठल्या वारी पडते ते कधी बघितलंस?’’

एवढा सोपा हिशेब. सेहेचाळीस सालाची सुरुवात मंगळवारी. जानेवारीचे तीन, फेब्रुवारीचे शून्य, मार्चचे तीन, एप्रिलचे दोन, मेचे तीन. अकरा. सात वजा केले की चार. मंगळवारपासून चार. डॉक्टर उभेच होते आणि त्यांचं डोकं हे सगळं त्यांना न विचारता करत होतं, पाय आपोआप धावतात तसं. शनिवार. म्हणजे कागदावर तेही क्वामे. शनिवारचा याव! मघाशी ज्यांना गाढव म्हटलं त्यांनी निदान एकदाच केलं होतं. त्यांच्या बाबतीत ते पासपोर्टावर, नोकरीच्या कागदावर, लग्नाच्या दाखल्यावर, त्या लाकडी फळीवर कोरलेल्या जन्मसालात, सत्तावीस ठिकाणी तसंच होतं, आणि सत्तावीस ठिकाणी त्यांनी स्वतः ते वाचलं होतं. हजारो माणसांच्या तारखा त्यांनी वारावर घासून पाहिल्या होत्या. स्वतःची कशी नाही पाहिली? एकदा, तरुणपणी, बोटीवर, हिशेब सुरू केला होता. जानेवारीचे तीन, फेब्रुवारीचे शून्य. मग कुणीतरी जेवायला बोलावलं आणि ते उठले. एप्रिलपर्यंत आले होते का? आले असतील. त्या दिवशी जेवायला कुणी बोलावलं नसतं तरी ते उठलेच असते, हे आता त्यांना लख्ख कळलं, आणि कळलं म्हणून इतका संताप आला की डोळ्यांपुढे टेबल हललं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय या बाईनं काढून घेतली होती. माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बघितलं नाही.

क्वासी तुम. काड्यांसारखे पाय. अरे, पंधरा वर्षांच्या पोराचे पाय कसे असणार? काड्यांसारखेच असणार! आणि आपले? आपल्या पोटऱ्या भरलेल्या होत्या, आवाज फुटलेला होता, शर्यतीच्या आधी हॉस्टेलच्या नळावर ब्लेडनं हनुवटी खरवडली होती. हे सगळं आठवत होतं, कायमच आठवत होतं, फक्त गोष्ट सांगताना ते मधल्या भागात यायचं. वळणावर तो पुढे होता. एक अठरा वर्षांचा माणूस मागून येतोय हे त्याला काय माहीत? तो पोरगा पोराच्या ताकदीनं धावत होता, छाती फुटेस्तोवर. गवत ओकला तेव्हा त्याच्या शाळेतलं कुणीही जवळ गेलं नाही. डॉक्टर त्याच्या अंगावरून पाय टाकून मास्तरांकडे गेले होते. नंतर एकदा, पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराला, ओबुआसीच्या रस्त्यावर लाकडाचा ट्रक थांबवून एक ड्रायव्हर त्यांच्याशी बोलला होता. ‘‘मी क्वासी. तुम्ही जिंकलात ती शर्यत. काय धावलात हो तुम्ही!’’ तो कौतुकानं बोलत होता. त्याला तीन बोटं नव्हती. डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला होता, आणि त्या रात्री घरी जेवताना ती गोष्ट पहिल्यांदा हसवत सांगितली होती. पहिल्यांदा त्याच रात्री. त्याच्या आधी त्यांनी ती कधी सांगितली नव्हती.

‘‘जेव,’’ आफिया म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता, आणि तो मऊपणा त्यांना सगळ्यांत जास्त झोंबला. ‘‘मी तुला हिणवायला नाही बोलले, याव. मामानं ते केलं म्हणून तू डॉक्टर झालास. तू डॉक्टर झालास म्हणून त्या पहाटे माझं पोर जगलं. मामा असाच असतो. वाईट काम असतं ते त्याच्या हातून होतं, म्हणून भाच्याचे हात स्वच्छ राहतात. आता तू मामा आहेस. बस एवढंच.’’

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बारा वाजायला दहा मिनिटं होती. बादू दारातच हसला, त्याचं पोट आधी आत आलं. ‘‘डॉक्टरसाहेब, झाल्या ना पवित्र सह्या? अक्र्याचा रस्ता म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, जिवंत पोचलो तर पेपरात बातमी.’’ त्याच्या मागे क्वाबेना उभा होता. दाढी इतकी गुळगुळीत केली होती की हनुवटीवर पुरळ उठलं होतं. डॉक्टरांनी ते पुरळ बघितलं. तसलंच पुरळ, नळावर, एकेचाळीस वर्षांपूर्वी. क्वाबेना आत आला, वाकला, ‘‘मामा,’’ म्हणाला.

‘‘बादू, हा पोरगा एकोणीस वर्षांचा आहे,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘मी माझ्या या हातांनी त्याला बाहेर काढलाय.’’

‘‘अहो, हळू. भिंतीला कान असतात. आणि सगळ्यांनाच माहीत आहे ते, त्यात काय एवढं? कागद बोलतो डॉक्टर, माणूस बोलत नसतो.’’

‘‘सार्पोंगच्या पोराचा फॉर्म गाडीत आहे का?’’

‘‘असेल की. पण...’’

‘‘घेऊन ये.’’

बादूनं आफियाकडे बघितलं, आफियानं क्वाबेनाकडे. क्वाबेना पुढे आला आणि टेबलावर दोन्ही हात टेकून उभा राहिला. तो कधीच असा उभा राहत नसे. ‘‘मामा, मला खेळायचंय. एवढंच खेळतो, मग परत कधी तुमच्याकडे काही मागणार नाही.’’

‘‘दुसऱ्या पोराच्या जागेवर?’’

‘‘त्या क्वासीच्या जागेवर तुम्ही नाही धावलात?’’

डॉक्टरांनी बहिणीकडे बघितलं. ‘‘तू आत्ता सांगितलंस याला? माझ्याआधी?’’

‘‘आत्ता नाही,’’ क्वाबेना म्हणाला. ‘‘मी आठ वर्षांचा होतो तेव्हापासून माहीत आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे. सेर्वामामीला पण. दर ख्रिसमसला तुम्ही ती गोष्ट सांगायचात आणि आम्ही हसायचो. तुम्हाला आवडायचं म्हणून हसायचो. कुणी कधी तोंडावर बोललं का तुम्हाला? कुणी कागद फाडला का तुमचा?’’ त्याचा आवाज चिरकला. क्षणभर तो खरंच सोळा वर्षांचा वाटला. ‘‘तुम्हाला चाळीस वर्षं मिळाली, मामा. मला आज दुपारचे बारा वाजेपर्यंतसुद्धा नाही?’’

सगळ्यांना माहीत होतं. सेर्वाला माहीत होतं, ती त्या रात्री ताट उचलताना हसली नव्हती, आणि त्यांना वाटलं होतं तिला खेळातलं कळत नाही. मुली टेबलाखालून एकमेकींना पाय मारायच्या. अख्खं कुटुंब त्यांना पंचवीस वर्षं सांभाळत होतं, वेड्याला सांभाळावं तसं! आणि ते रेडिओवर बोलत होते. डॉक्टरांनी फॉर्म उचलला. तो त्यांनी फाडला, मग तुकडे एकावर एक ठेवून परत फाडले, मग परत, बोटांत मावेनासे होईपर्यंत. सार्पोंगच्या पोरासाठी फाडला म्हणावं, तर त्या पोराचा चेहराही त्यांना त्या घटकेला आठवत नव्हता. क्वासी तुमसाठी फाडला म्हणावं, तर त्यानं क्वासीला काही मिळणार नव्हतं. ही सगळी माणसं आपल्यावर दया करत होती, त्या रागानं फाडला. काम मात्र बरोबर झालं होतं. काम बरोबर होतं आणि करणाऱ्याला तोंड नव्हतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं याचा त्यांना जितका राग आला तितका आयुष्यात कशाचाच आला नव्हता.

‘‘क्वाद्वो सार्पोंगचा फॉर्म आण,’’ ते बादूला म्हणाले, ‘‘नाहीतर बाकीच्या एकविसांवरही मी काट मारतो.’’

बादू गेला, शिव्या पुटपुटत गेला, फॉर्म घेऊन आला. डॉक्टरांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, मधलं दोनदा वाचलं. सतरा नोव्हेंबर शहाऐंशी, सोमवार. सोमवारचा क्वाद्वो. सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी सही केली, आणि आपलं नाव लिहिताना पहिल्यांदाच त्यांचा हात अडखळला.

आफियानं वाडगा उचलला. याम तसंच होतं, पानसुद्धा काढलेलं नव्हतं. ती रडली नाही, ओरडली नाही. वाडगा डोक्यावर ठेवून म्हणाली, ‘‘नाना आम्प्रोम्फीनं हात धुवायला पाणी तरी मागितलं होतं. तुझे हात स्वच्छच आहेत, बाबा. स्वच्छच राहू देत.’’ आणि बाकावरच्या पेशंटांच्या पायांमधून वाट काढत ती गेली.

क्वाबेना दारात थांबला. त्यानं टेबलावरचे कागदाचे तुकडे बघितले, मग डॉक्टरांकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यानं मान तुकवली, बाहेरचा कुणी मोठ्या माणसासमोर तुकवतो तेवढीच, आणि शांतपणे म्हणाला, ‘‘येतो, डॉक्टर.’’

डॉक्टरांना आधी नीट ऐकूच आलं नाही. मग आलं. ते टेबलाला वळसा घालून धावले. दारात कंपाउंडर आडवा आला, त्याला त्यांनी ढकललं. ‘‘काय म्हणालास? काय म्हणालास मला? ए, क्वाबेना! मामा म्हण! पायाला धरून उलटा केला होता तुला, मेलेला होतास तू! मामा म्हण मला, हरामखोरा!’’ बाकावरचे सगळे पेशंट उठून उभे राहिले. धुळीतून चालणारा तो उंच पोरगा आईच्या डोक्यावरचा वाडगा उतरवून स्वतःच्या हातात घेत होता. हाक त्याला ऐकू गेली होती, कारण त्याची मान एकदा ताठ झाली. पण तो वळला नाही.